तिरुमलरावांची नारिंगी पट्ट्याची गाडी

तिरुमलराव सरस्वतीपुरमात राहत आणि गाडी चालवत नसत. सायकलसुद्धा नाही. याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. एका विमा कंपनीच्या मैसूर कचेरीत मोटारींच्या क्लेमच्या टेबलाशी बसून त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले होते.

इतरांना गाडी दिसते ती शोरूमच्या काचेआड, हार घातलेली, समोर नारळ फोडलेली. तिरुमलरावांना ती दिसायची त्यानंतर. येलवालच्या अलीकडे झाडाला मिठी मारलेली. पिरियापट्टणहून तंबाखू भरून निघालेली आणि कालव्यात आडवी पडलेली. पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला, हे मालकालाच विचारून घ्यावं अशा अवस्थेतली. धडधाकट गाडी त्यांच्या टेबलाशी कधी आलीच नाही. त्यामुळे गाडी म्हणजे अजून न झालेला अपघात, अशी त्यांची समजूत पक्की झाली, आणि निवृत्त झाल्यावरही ती बदलायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची स्कूटर होती. तिरुमलराव हेल्मेट घालून मागे बसत आणि चौक यायच्या बराच आधी "ब्रेक" म्हणत. लग्नानंतर पहिली काही वर्षं सीतालक्ष्मीबाईंनी त्यावर उत्तर दिलं. पुढे त्यांनी तो शब्द रस्त्यावरच्या इतर आवाजांत जमा केला.

कुणाच्या पुढे जावं असं तिरुमलरावांना आयुष्यात वाटलं नव्हतं. बढती आली तेव्हा ती हुबळीला होती, म्हणून त्यांनी नको म्हटलं. बुद्धिबळाला बसले आणि डाव अर्ध्यावर आला की समोरच्याला विचारत, "बरोबरीत सोडवायचं का?" लोक सोडवत. एवढ्या सौजन्यानं विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

श्रावणात इंग्लंडहून खोकं आलं. मुलगा प्रद्युम्न कोव्हेंट्रीला नोकरीला होता. त्यानं वडिलांच्या वाढदिवसाला ते धाडलं होतं. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"अप्पा, उघडलंत का?"

"उघडलं. खेळणं आहे."

"खेळणं नव्हे, मॉडेल आहे. खऱ्या शर्यतीच्या गाडीचं. रंग बघितलात? फिकट निळा आणि मधोमध नारिंगी पट्टा. गल्फ तेल कंपनीचे रंग आहेत ते. शर्यतीच्या जगात पोराटोरालासुद्धा ठाऊक असतात. या रंगांतल्या गाडीनं फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकलीय."

"चोवीस तास? मग ड्रायव्हर जेवतो केव्हा?"

"ड्रायव्हर बदलतात, अप्पा."

"म्हणजे अपघात झाला तर त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं, यावरून भांडण."

प्रद्युम्न म्हणाला, "अम्माला द्या जरा."

सगळे भाग आलेत की नाही एवढंच बघायचं, म्हणून तिरुमलरावांनी खोकं हॉलमध्ये रिकामं केलं. काळ्या प्लास्टिकचे रस्त्याचे तुकडे एकमेकांत अडकवायचे होते. रस्त्याला दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची पट्टी, आणि पट्टीत वीज. गाडीच्या पोटाखाली एक जीभ. ती खाचेत बसली की गाडी रस्ता सोडत नाही. हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर. त्याचा घोडा जितका दाबावा तितकी गाडी पळते. सुकाणू नाही, ब्रेक नाही. वळणावर वेग जास्त झाला तर मात्र जीभ खाचेतून उपटते आणि गाडी वाट फुटेल तिकडे जाते. खोक्यात गाड्या दोन होत्या: एक ही निळी-नारिंगी, दुसरी साधी पांढरी. वाटेत सोफा येत होता, तो सरकवला. चहाच्या वेळेपर्यंत हॉलमध्ये लांबट वाटोळा रस्ता तयार झाला. सगळे भाग आले होते.

मग गाडी चालते का तेही बघायला हवं होतं. तिरुमलरावांनी निळी गाडी खाचेत ठेवली आणि घोड्यावर बोट टेकवलं. गाडी हलली. एवढ्या सावकाश हलली, की स्वयंपाकघरातून आलेल्या सीतालक्ष्मीबाईंना ती उभीच आहे असं वाटलं.

"ही शर्यतीची गाडी आहे की देवाची पालखी?"

"एकदा तरी पडली का?"

"पडायला आधी धावायला हवी की री."

पण तिरुमलराव खूश होते. रोज संध्याकाळी ते तिला फिरवून आणत आणि कापडानं पुसून ठेवत. महिना होत आला तरी नारिंगी पट्ट्यावर एक ओरखडा नव्हता. विमा कंपनीच्या इतिहासात असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी सीतालक्ष्मीबाईंनी पदर खोचला, पांढरी गाडी खाचेत ठेवली आणि घोडा पुरता दाबला. गाडी पहिल्याच वळणावर उडाली आणि सोफ्याखाली गेली.

तिरुमलराव हातातला कंट्रोलर खाली ठेवून उभे राहिले. "वेग किती होता?"

"होता तेवढा सगळा."

"वळण दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"काय होतंय ते बघायचं होतं."

क्लेमच्या टेबलाशी एवढी वर्षं बसून तिरुमलरावांनी हरतऱ्हेची उत्तरं ऐकली होती. गाय आडवी आली, डोळ्यांवर दिवा पडला, ब्रेक लागला नाही, मी नव्हतोच. हे उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. ते सोफ्याखाली वाकले आणि गाडी काढून दिली.

गाडी कुठं उडते हे एकदा कळल्यावर सीतालक्ष्मीबाईंना बाकीचं अवघड गेलं नाही. कुठल्या जोडापाशी घोडा सोडायचा, कुठं पुन्हा दाबायचा, हे त्यांनी चार-सहा संध्याकाळींत बसवलं. पांढरी गाडी निळीला मागून गाठायची, बाजूनं निघून जायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा मागून यायची.

"आपली गाडी पडली नाही," तिरुमलराव प्रत्येक वेळी म्हणत.

"नाही पडली," त्या मान्य करत आणि गॅसवरचं बघायला जात.

हे किती दिवस चालावं? माणूस काही दगड नसतो. सीतालक्ष्मीबाई भाजीला गेल्या की तिरुमलराव एकटेच गाडी काढू लागले. घोडा थोडा जास्त दाबू लागले. ओटीवर कुणाची चाहूल लागली की सावकाश करत. आणि एका दुपारी त्यांनी आपणहून प्रद्युम्नला फोन लावला. एरवी फोन तो करायचा.

"अप्पा? सगळं ठीक ना? अम्मा बरी आहे?"

"अम्मा बरी आहे. फारच बरी आहे. सुम्ने फोन केला, सहज. त्या गाडीचा वेग वाढवायचं काही असतं का?"

प्रद्युम्न म्हणाला, "पोटाखाली एक लोहचुंबक असतं. ते गाडीला खाली ओढून धरतं, म्हणून ती वळणावर टिकते. ते काढलं तर सरळ रस्त्यावर गाडी मोकळी पळते. पण वळणावर मग काही खरं नाही. तुम्ही काढू नका."

"छे, मी कशाला काढतोय?"

चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घरात होता. तिरुमलरावांनी गाडी उलटी करून मांडीवर घेतली. हुणसूरच्या एका टेम्पोवाल्याची त्यांना त्या वेळी आठवण झाली. त्यानं टेम्पोच्या मागे परस्पर बाकं ठोकून घेतली होती. तिरुमलरावांनी त्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, की कंपनीला न कळवता गाडीत बदल केला की विमा संपला, मग तुम्ही रडा नाहीतर हसा. टेम्पोवाला रडला होता. तिरुमलरावांना ते सगळं स्वच्छ आठवलं, आणि त्यांनी स्क्रू फिरवला. लोहचुंबक त्यांनी चष्म्याच्या जुन्या घरात ठेवून दिलं.

त्यानंतर दोन दिवसांतच दसऱ्याची तयारी सुरू झाली. घरातल्या पेट्या खाली उतरल्या आणि बाहुल्या कागदातून बाहेर आल्या. नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायच्या, आणि त्या मांडायला हॉलच लागतो.

"आय्तु," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या. "झालं खेळून. आता गुंडाळा."

तिरुमलराव खुर्चीतून उठले नाहीत. "रस्ता राहू दे. पायऱ्यांच्या पुढे."

"बाहुल्यांत मोटार?"

"बन्नीमंटपाचं मैदान म्हणायचं. शेवटच्या दिवशी तिथं मशालींच्या परेडला मोटारसायकलीच्या कसरती होतात की नाही? मग मोटार का चालणार नाही?"

सीतालक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. एखाद्या गोष्टीसाठी तो आपल्याशी वाद घालतोय, हे दृश्य त्यांना नवीन होतं. त्यांनी विचार केला. भागातल्या महिला मंडळाच्या बाहुल्यांच्या स्पर्धेत गेल्या वर्षी पहिलं बक्षीस पलीकडच्या गल्लीत गेलं होतं, कारण त्यांनी पंप लावून खरा धबधबा केला होता.

"मैदान केलं तर बघायला राजा नको का?" त्या म्हणाल्या. आणि दरवर्षी सगळ्यांत वर उभ्या राहणाऱ्या लाकडी राजाराणीला त्यांनी त्या वर्षी खाली आणून रस्त्याच्या कडेला, वळणापाशी उभं केलं. ही पट्टद गोंबे, म्हणजे मानाची जोडी, त्यांना लग्नात आईनं दिली होती. आईला तिच्या आईनं. राजाचा रंग थोडा विटला होता, पण मिशी शाबूत होती.

स्पर्धेचं परीक्षण भवानीबाईंकडे असे. मंडळाच्या त्या अध्यक्षा, पंचाहत्तरीच्या पुढच्या. एका हाताला सून, दुसऱ्या हाताला नातसून, अशा त्या दारातून आत आल्या. हॉलमध्ये आधीच पाच-सात बायका उसळीच्या ताटल्या घेऊन बसल्या होत्या. भवानीबाईंनी पायऱ्या पाहिल्या, दुर्बिणीतून बघावं तशी मान पुढे काढून रस्ता पाहिला.

"हे काय?"

तिरुमलरावांनी बन्नीमंटपाचं सांगितलं. मग निळी गाडी फिरवून दाखवली, पालखीच्या चालीनं. भवानीबाईंनी सुनेचा हात सोडला.

"मला द्या."

"पांढरी घ्या, भवानीबाई. ती स्वभावानं शांत आहे."

"पांढरी बेडा. मला ही हवी. केवढा गोड पट्टा आहे."

निळी का द्यायची नाही, हे सांगायचं तर लोहचुंबकाचं सांगावं लागलं असतं, आणि तेही सीतालक्ष्मीबाईंच्या समोर. तिरुमलरावांनी निमूटपणे कंट्रोलर भवानीबाईंच्या हातात दिला. "हळू दाबा," एवढंच म्हणाले.

भवानीबाईंनी मुळासकट दाबला.

निळी गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटली, की तिरुमलरावांनी तिला तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. नारिंगी पट्टा नुसती एक रेघ होऊन गेला. क्षणभर त्यांना बाकी सगळ्याचा विसर पडला. ही अशी आहे तर, असं त्यांच्या मनात आलं. मग वळण आलं. गाडी वळली नाही. ती राजावर गेली. राजा उताणा पडला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून निघून उसळीच्या ताटलीत जाऊन बसला.

भवानीबाईंनी कंट्रोलर खाली ठेवला.

"गाडी वळली नाही," भवानीबाई म्हणाल्या.

हे वाक्य तिरुमलरावांनी नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांच्या ओठांवर पुढचा प्रश्न आपोआप आला. त्यांनी तो गिळला. सीतालक्ष्मीबाईंनी ताटलीतून हात उचलला, धुतला, पुसला आणि पदराच्या टोकाला बांधला. राजाला उभं केलं. उरलेल्या बायकांना उसळ वाढली, हळदीकुंकू दिलं, दारापर्यंत पोचवलं. तिरुमलरावांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिलं बक्षीस धबधब्याला गेल्याचं संध्याकाळी कळलं.

सकाळी सीतालक्ष्मीबाई देवासाठी शेवंतीची माळ ओवत बसल्या होत्या. तिरुमलराव समोर येऊन बसले आणि चष्म्याचं घर उघडून पुढे ठेवलं.

"हे काय?"

"गाडीतलं लोहचुंबक. मी काढलं होतं. ते असतं तर गाडी कदाचित पडली नसती. भवानीबाईंचा दोष नाही. गाडीत परस्पर बदल केलेला होता."

सीतालक्ष्मीबाईंनी सुई थांबवली. "का काढलं?"

तिरुमलरावांनी फुलांकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "तुझ्या पुढे जाता येईना."

ही गोष्ट त्यांनी लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर सांगितली. सीतालक्ष्मीबाईंना ती ऐकून काय वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. शाळेत पोरी त्यांच्या चेहऱ्याला घाबरत, त्या याचसाठी.

"मग गेलात का पुढे?"

"नाही. तुझ्यासमोर तसं चालवायचं धाडस झालं नाही."

"मग काढून काय उपयोग झाला?"

"काही नाही. राजाचा हात गेला."

सीतालक्ष्मीबाईंनी आणखी दोन फुलं ओवली. दोरा दातानं तोडला. "माझ्या गाडीचंही काढा."

"काय?"

"तुमच्या गाडीला नाही आणि माझ्या गाडीला आहे, असं कसं? दोन्हीकडचं सारखं व्हायला नको का? काढा आताच. आणि आधी त्या खंडोजीरावांकडे जाऊन या. हात घेऊन जा."

खंडोजीराव म्हणजे देवराज मार्केटच्या मागच्या गल्लीतले बाहुल्या दुरुस्त करणारे. त्यांचे आजे-पणजे कापड रंगवत. कापडाचा धंदा बसल्यावर घराणं पाट्या, गणपती आणि बाहुल्या रंगवण्याकडे वळलं. त्यांच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. नाक गेलेला कृष्ण, मान हलणारी शेट्टीण, सोंड तुटलेले तीन हत्ती.

"दसऱ्यात सगळे देव रांगेत आहेत, राव," खंडोजीरावांनी हात उलटसुलट करून पाहिला. "राजा असला तरी विजयादशमी झाल्यावर. कशानं तुटला?"

"मोटार अपघात," तिरुमलराव म्हणाले.

खंडोजीरावांनी चष्मा वर केला, त्यांच्याकडे बघितलं आणि हात चिठ्ठी बांधून फळीवर ठेवला. दुकानात येणारी माणसं नवरात्रात जरा भावनावश असतात.

राजाला सीतालक्ष्मीबाईंनी जरीच्या तुकड्याची शाल पांघरली. मोटारीखाली सापडलेला राजा बघायला पुढचे दिवस बायका दोन गल्ल्या ओलांडून येत राहिल्या. धबधब्याकडे तेवढी गर्दी नव्हती, असं सीतालक्ष्मीबाईंच्या कानावर आलं.

विजयादशमी उलटून गेल्यावर एका दुपारी रिक्षा थांबली आणि भवानीबाई उतरल्या. एकट्याच. हातात मोगऱ्याचा गजरा आणि केळ्यांची फणी होती. चप्पल काढली आणि हॉलभर नजर फिरवली.

"ती गाडी कुठाय?"

"आहे," तिरुमलराव जपून म्हणाले. "पण आता ती आणखी पडते. दोन्ही पडतात."

"पडू दे. घरात मला मिक्सरचं बटणसुद्धा दाबू देत नाहीत हो. अम्मा, तुम्ही बसा. अम्मा, मी करते. बसून बसून मी आता बाहुलीच झालेय." त्यांनी खुर्ची ओढली. "द्या इकडे."

सीतालक्ष्मीबाईंनी वळणांच्या बाहेर गोधड्या अंथरल्या. राजा दुरुस्तीला गेला होता, त्याची जागा रिकामीच होती. भवानीबाईंनी त्या दुपारी गाडी किती वेळा उडवली ते कुणी मोजलं नाही. दर वेळी त्या "अय्यो!" म्हणून टाळी वाजवत आणि तिरुमलराव उठून गाडी आणून देत. निळ्या रंगावर पहिला ओरखडा उठला तेव्हा त्यांनी तो कापडानं घासून पाहिला. संध्याकाळपर्यंत ओरखडे इतके झाले, की कापड त्यांनी खिशात घातलं. निघताना भवानीबाईंनी पुढच्या गुरुवारी येते म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांचे सगळे गुरुवार तिरुमलरावांकडे जाऊ लागले. सून विचारायची तेव्हा त्या भजनाला जाते म्हणत.

खंडोजीरावांनी राजा परत दिला तो दिवाळीच्या तोंडावर. अंगाला नवा रंग, मिशीला काळा हात, सगळं मन लावून केलं होतं. फक्त कोपराचा कोन थोडा चुकला होता. पूर्वी राजा हात खाली सोडून उभा असे. आता त्याचा पंजा पुढे आला होता आणि तो रहदारी अडवत असल्यासारखा दिसत होता. सीतालक्ष्मीबाईंनी त्याला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"परवागिल्ल," त्या म्हणाल्या. म्हणजे चालेल. आणि त्याला राणीशेजारी कागदात गुंडाळून ठेवलं.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी नवराबायको दोघंच होते. लोहचुंबकाशिवाय पांढरी गाडी सीतालक्ष्मीबाईंनाही पूर्वीसारखी जुमानत नव्हती, आणि तिरुमलरावांचं बोट आता आधीइतकं भित्रं राहिलं नव्हतं. दोघांच्या गाड्या बरोबरीनं सुटल्या. मधल्या वळणावर दोन्ही मागून घसरल्या, दोन्ही सावरल्या. शेवटच्या सरळ रस्त्यावर तिरुमलरावांनी घोडा दाबला आणि सोडलाच नाही. रेषा ओलांडून निळी गाडी पुढच्या वळणावर गोधडीत जाऊन शिरली, पण शर्यतीची रेषा तिनंच आधी ओलांडली होती.

तिरुमलराव उठले, गाडी काढली, कापडानं पुसली. सीतालक्ष्मीबाईंनी कॉफीचं आधण ठेवलं.

रविवारी प्रद्युम्नचा कॉल आला. तिरुमलरावांनी आधी तिकडच्या थंडीची चौकशी केली, मग इथं पाऊस थांबल्याचं सांगितलं, मग पाण्याच्या टाकीची तक्रार केली. शेवटी त्याच आवाजात म्हणाले, "बुधवारी अम्माला हरवलं."

"काय सांगता! तुम्ही? कितीनं, अप्पा?"

"अर्ध्या गाडीनं."

"पाव!" स्वयंपाकघरातून आवाज आला.